नुसतं कोमट पाणी

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी जिन्याखालच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी डोक्यावरची हिरवी टोपी काढली आणि माझ्या शेजारी बसले. डॉक्टर शेजारी बसले म्हणजे बातमी बरी नाही, एवढं मला दोन महिन्यांत कळायला लागलं होतं.

"म्हेत्रे, गाठ निघाली," ते म्हणाले. "पण फार खाली होती. शौचाची जागा ठेवता आली नाही. ती बंद करून आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, डाव्या बाजूला. आता सगळं तिथून बाहेर येणार. त्यावर पिशवी चिकटवायची."

"किती दिवस?"

"कायमची."

समोरच्या भिंतीला पान खाऊन थुंकू नका अशी पाटी होती. अक्षरं वाकडी चिकटवलेली होती, 'थु'चा उकार अर्धा सुटलेला. मी त्या पाटीकडंच बघत राहिलो. मग विचारलं, "चिकटवायची म्हणजे कशानं?"

"पिशवीलाच गोंद असतो. कागद सोलायचा, कातडीवर लावायची. तीनचार दिवसांनी बदलायची. सिस्टर शिकवतील."

तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दोन महिने तपासण्या, सुया, फोटो, रिपोर्ट. त्यातलं काही माझ्या हातातलं नव्हतं. माझी बायको मालन टेबलावर जायची आणि मी बाकावर बसायचो. आता पहिल्यांदा कुणीतरी मला कळणारा शब्द बोललं होतं. चिकटवणं.

विट्यात कराड रोडला माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, ट्रकच्या पाठीवरची नावं, टेम्पोच्या काचेवरचे पट्टे. एकतीस वर्षं मी तेच करत होतो. गाडी भंगारात जाईल पण म्हेत्रेचं अक्षर सुटणार नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे.

चौथ्या दिवशी भोरे सिस्टर शिकवायला आल्या. बारीक अंगाच्या, गळ्यात दोरीला चष्मा. मालन पलंगावर उताणी होती. मी पायाशी उभा राहिलो.

"मामा, इकडं बाजूला या. तिथनं दिसायचं न्हाई," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वाटीत पाणी घेतलं, कापूस बुडवला. "नुसतं कोमट पाणी. साबण न्हाई, स्पिरिट न्हाई, तेल न्हाई."

"स्पिरिट नाही?" मी विचारलं. "मग तेलकटपणा कसा जाणार?"

"जेवढा पाण्यानं जातोय तेवढा बास."

"सिस्टर, एकतीस वर्षं मी हाच धंदा करतोय. खालची जागा झ्याक साफ असल्याशिवाय कुठलाच गोंद धरत नाही."

"कशावर करताय धंदा?"

"पत्र्यावर. काचेवर."

"ह्या काय पत्र्याच्या आहेत का?" सिस्टर हसल्या. मालनही हसली, टाके दुखतील म्हणून पोट धरून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ट्रान्सपोर्टवाले साळुंखे. दसऱ्याच्या आत सहा ट्रकवर नावं टाकून हवी होती. वॉर्डात बोलू नका म्हणून सिस्टरांनी हात केला, मी व्हरांड्यात गेलो. साळुंखे बोलायला लागला की थांबत नाही. मी परत आलो तोवर मालनच्या पोटावर नवी पिशवी बसली होती आणि सिस्टर हात पुसत होत्या.

"ताईंनी सगळं बघितलंय. तुम्हाला परत दाखवू का?"

"नको. एवढं काय आहे त्यात?"

त्यांनी एक छापील कागद दिला. त्यात सगळं क्रमानं लिहिलंय, घरी गेल्यावर वाचा म्हणाल्या. मी घडी करून खिशात टाकला. त्याच दिवशी संध्याकाळी त्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर मी साळुंखेचं नाव किती इंचात बसतं ते आखून बघितलं.

घरी आल्यावर मी मधल्या खोलीत सगळी तयारी केली. स्टुलावर स्पिरिटची बाटली, कापूस, दुकानातला स्वच्छ पंचा, दाढीचं नवं पातं, कात्री. मालन म्हणाली, "मी काय टेम्पो हाय का?"

"टेम्पोपेक्षा नीट करतो बघ."

"मग पाठीवर नाव पण टाका. 'बुरी नजर'चं काहीतरी."

मी मनातल्या मनात शिट्टी वाजवत होतो. कदाचित मोठ्यानंही. पोटावर बारीक लव होती, ती पात्यानं काढली. पंच्यानं खसाखसा पुसलं. मग स्पिरिट, एकदा, दोनदा, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग पिशवी लावून चारी बाजूंनी अंगठ्यानं दाबली, आत हवा राहू नये म्हणून. आमच्या धंद्यात असंच करतात. आणि जुनं रेडियम काढताना एकदा कोपरा नखाला लागला की थांबायचं नाही. एका झटक्यात ओढायचं. थांबलं की तिथं गोंदाची रेघ राहते.

मालननं पदर तोंडावर घेतला होता आणि भिंतीकडं मान वळवली होती. तिला लाजल्यासारखं होत असेल असं मला वाटलं. तेहतीस वर्षांचा संसार झाला तरी अशा जागी नवऱ्याचा हात लागणं सोपं नाही. म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हतो. कामाकडं बघत होतो.

पहिली पिशवी तीन दिवस टिकली. शेजारच्या शेवंतावहिनींना मी सांगितलंसुद्धा, "हॉस्पिटलवाल्यांची चार दिवसांत सुटती म्हणे. माझी आठ दिवस हलायची नाही."

दुसरी दोन दिवसांत गळाली. तिसरी एका दिवसात. खालून, डाव्या कोपऱ्यातून. चादर, परकर, गादी, सगळं धुवायला. घरात वास. मालन उदबत्ती लावायची आणि दार उघडून ठेवायची, मग कुणी येताना दिसलं की दार लोटून घ्यायची.

पिशवीखालची जागा लाल झाली होती. मी म्हटलं, गोंद धरत नाही म्हणजे जागा साफ नाही. स्पिरिट तीनदा केलं. पंच्याच्या जागी खरखरीत टॉवेल घेतला. वर चारी बाजूंनी औषधाच्या दुकानातली पट्टी मारली. एका सकाळी पुसताना बोट सटकलं.

"तेल लावलंस?"

"जरासं खोबरेल. आग हुतीया."

"मालन, अगं तेलावर काय चिकटतं का? मी इथं घासून घासून जागा करतोय आणि तू तेल लावतीस?"

मी ते तेल जाईपर्यंत चौथ्यांदा स्पिरिट लावलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

महिन्यानं मिरजेच्या त्याच हॉस्पिटलात दाखवायचं होतं. टाके बघणार आणि सलाईनमधून द्यायच्या औषधाची तारीख देणार. गाठ काढली तरी तिचं बी अंगात असतं, ते मारायला सहा महिने औषध घ्यावं लागेल आणि ते वेळेत सुरू व्हायला पाहिजे, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मालननं मोरपंखी साडी नेसली. यष्टीत खिडकीशी बसली. तासगाव यायच्या आत तिनं माझा हात दाबला.

"अहो."

"काय?"

"सुटली."

मी तिच्याकडं बघितलं. साडीवर डाग पसरत होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि खिडकी सरकवली. आम्ही तासगावला उतरलो. स्टँडच्या बायकांच्या संडासात मला आत जाता येईना. बाहेरून मी तिच्या हातात पिशवी, बाटली, कापूस देत होतो आणि ती आतून म्हणत होती, "मला नीट दिसत न्हाई. भोक कुठं हाय ते दिसत न्हाई."

"हललीस का तू? नीट बसली असतीस तर सुटली नसती!"

स्टँडवरची माणसं बघायला लागली. मी एवढ्या मोठ्यानं तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती अर्ध्या तासानं बाहेर आली. साडीचा डाग ओल्या निऱ्यांत खोचून झाकलेला. म्हणाली, "चला. डॉक्टर जातील."

हॉस्पिटलात वजन केलं. ऑपरेशनच्या आधी सत्तेचाळीस होतं. त्रेचाळीस भरलं.

"हे कसं झालं?" डॉक्टर म्हणाले. "आतापर्यंत वाढायला पाहिजे होतं. पंचेचाळीसच्या खाली मी औषध सुरू करणार नाही, झेपायचं नाही त्यांना. पंधरा दिवस देतो. खायला घाला. आणि पिशवीखाली काय झालंय ते भोरे सिस्टरांना दाखवून मगच जा."

सिस्टर जेवायला गेल्या होत्या. पंधरा मिनिटांत येतील म्हणून वॉर्डातल्या नर्स पोरी सांगत होत्या.

"थांबू की," मालन म्हणाली. "दाखवू."

"काय दाखवायचं? ती परत पाणीच सांगणार. साडेतीनची गाडी चुकेल."

आम्ही साडेतीनच्या गाडीनं परत आलो.

त्या पंधरा दिवसांत मी दुकान फक्त दुपारी उघडायचो. सकाळी स्वतः लापशी करायचो, तूप घालून. दुधात खारीक. शेंगदाण्याचे लाडू शेवंतावहिनींकडून करून घेतले. ताट तिच्यापुढं ठेवून मी आंघोळीला जायचो, येईपर्यंत ताट रिकामं. दुपारचा डबा झाकून ठेवून दुकानात जायचो, संध्याकाळी डबा घासून पालथा. मला वाटलं, चाललंय नीट. पिशवीही आता रोज सुटत नव्हती. कधी दोन दिवस जायची, कधी अडीच. मी मनाशी म्हटलं, जमलं शेवटी. सुटायची तेव्हा मात्र जागा ओली, चिकट, भाजल्यासारखी असायची. ओल्या जागेवर गोंद धरत नाही म्हणून मी ती दुकानातल्या गरम हवेच्या यंत्रानं वाळवली. लांबून, पण वाळवली.

दहाव्या दिवशी तिला चौकातल्या गिरणीत नेलं, वजनाला. धान्याच्या काट्यावर ती उभी राहिली. गिरणीवाला शंकर म्हणाला, "काय वहिनी, जाड दळू का बारीक?"

"आदीच बारीक झालीया, आनि काय दळताय?" मालन म्हणाली, आणि गिरणीतल्या बायका हसल्या.

मी काट्याकडं बघत होतो. साडेएकेचाळीस.

"काटा बरोबर आहे का रे?"

"सकाळीच पोतं मोजलंय त्याच्यावर."

घरी येताना मी तिच्या दोन पावलं पुढं चाललो. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. डॉक्टरवर, त्या पिशवीच्या कंपनीवर, देवावर. खाऊन वजन उतरतंय म्हणजे आत ते परत सुरू झालंय, एवढाच अर्थ मला लागत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंबरप्लेटचा छाप घरी विसरला म्हणून मी बाराच्या सुमाराला परत आलो. परसदार उघडं होतं. मालन शेवंतावहिनींच्या कुंपणाशी वाकून उभी होती, एका हातानं पोट धरून. दुसऱ्या हातात लापशीचं पातेलं. कुंपणापलीकडं त्यांची शेळी तोंड घालून खात होती.

"मालन!"

ती दचकली. पातेलं पडलं. शेळीनं ते कुंपणाखालून पलीकडं ओढलं.

"माझी लापशी शेळीला? मी पहाटे उठून करतो ती? रोज?"

"रोज न्हाई."

"वजन का उतरतंय म्हणून माझ्या डोक्याला भुंगा लागलाय आणि तू शेळी पोसतीस? मरायचंय का तुला?"

"ओरडू नका. वहिनी ऐकतील."

"ऐकू देत! खात का नाहीस?"

ती पायरीवर बसली. पदर नीट करत राहिली. मग म्हणाली, "खाल्लं की भरती. भरली की बदलावी लागती."

"मग बदलू की! मी आहे ना? मी कधी कंटाळलोय का? अर्ध्या रात्री उठवलंस तरी बदलीन मी."

"व्हय," ती म्हणाली. "बदलाल तुम्ही." आणि उठून आत गेली.

मी साळुंखेची जीप मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला घेऊन मिरजेला गेलो. माझ्या डोक्यात एकच होतं. भोरे सिस्टरांचं ही ऐकते, त्यांच्याकडून चांगलं खडसावून घ्यायचं.

सिस्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी सुरू झालो. "सिस्टर, हिला विचारा. शेळीला घालते जेवण. पंचेचाळीस व्हायला पाहिजे आणि ही साडेएकेचाळीसवर आलीय. तीन दिवसांवर तारीख. तुम्ही सांगा हिला. माझं ऐकत नाही."

"सांगते. आदी पोट बघू दे."

मालन टेबलावर झोपली. सिस्टरांनी कापूस पाण्यात भिजवून पिशवीच्या कडेनं फिरवला, एका हाताची बोटं कातडीवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं पिशवी इतकी सावकाश सोडवली की मला वाटलं, ही आज दिवसभर हेच करणार. पिशवी निघाली. सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वाकून कडेकडेनं बघितलं.

"मामा, कातडी कुठाय?"

"म्हणजे?"

"इथं कातडीच न्हाई राहिली. तुम्ही ही रोज कशी लावता ते सांगा."

मी सांगितलं. पातं, टॉवेल, स्पिरिट तीनदा, झटका. सांगताना माझ्या आवाजात अजून थोडी ऐट होती, हे मला आठवतं. गरम हवेचं यंत्रही सांगितलं.

सिस्टरांनी कपाटातून स्पिरिट काढलं. "बाही वर करा."

"माझी?"

"तुमचीच. करा."

त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, टॉवेलनं घासलं. स्पिरिट तीनदा लावलं. पिशवीची चकती चिकटवली, अंगठ्यानं दाबली. थोडं थांबून कोपरा नखात धरला आणि झटका दिला. मी ओठ दाबला. एवढं काही नाही, चिमटा काढल्यासारखं.

"परत," सिस्टर म्हणाल्या. त्याच जागी टॉवेल, स्पिरिट, चकती. झटका. दुसऱ्या वेळी स्पिरिट लागलं तसा हात आपोआप मागं आला.

"परत."

"सिस्टर, कळलं."

"महिनाभर किती वेळा केलंत? पन्नास? माझं तिसरंच आहे."

तिसऱ्या झटक्याला मी ओरडलो. चकतीच्या मागं काहीतरी पांढरं, पातळ चिकटून आलं होतं आणि हातावर रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले होते. सिस्टरांनी चौथ्यांदा स्पिरिट लावून चकती चिकटवली आणि कोपरा नखात धरला.

"सिस्टर, बास!" मालन टेबलावरून म्हणाली. ती कोपरावर उठली होती, पोट उघडं, जखम तशीच. "बास करा. लागतंय त्यांना."

सिस्टरांनी कोपरा सोडला. पण चौथी चकती हातावर बसलेली होती. मी ती काढायला गेलो, पण कोपरा नखाला लागेना.

"इकडं या," मालन म्हणाली.

मी टेबलाजवळ गेलो. तिनं कापूस पाण्यात बुडवला. कडेनं फिरवला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझी कातडी खाली दाबून धरली आणि चकती तिच्यापासून थोडी थोडी सोडवत नेली. ओढली नाही. कातडीच बाजूला करत गेली. मला कळलंही नाही केव्हा निघाली. मग तिनं तो हात मऊ फडक्यानं टिपला. पुसला नाही, टिपला.

"ताईंना येतंय की," सिस्टर म्हणाल्या.

"पैल्या दिवशी तुम्ही दाखवलंसा की. तवाच बघितलं हुतं."

मी तिच्याकडं बघत राहिलो. "तुला माहीत होतं?"

"पाणी, टिपणं, ती पावडर, हातानं शेकायचं. समदं." ती परत उताणी झाली. "तुम्ही फोनवर हुता."

सिस्टर पावडर आणायला बाहेर गेल्या. पावडर त्यांच्या मागच्या कपाटातच होती, हे मला नंतर कळलं.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "एकदा तरी? महिनाभर कातडं सोलत होतो तुझं."

"एकदा म्हनलं की. आग हुतीया म्हनून."

"ते तसं नाही. थांबा, चुकतंय, असं का नाही म्हणालीस?"

ती छताकडं बघत होती. पंखा बंद होता.

"दोन म्हयने तुम्ही बाकावर बसून हुता, अहो. जेवत नव्हता. दुकानाकडं बघत नव्हता. राती उठून माझ्या नाकापुढं हात धरून बघायचा, श्वास चाललाय का म्हनून. मला कळायचं. घरी आल्यावर ती पिशवी हातात घेतली आनि तुम्ही शिट्टी वाजवायला लागला. मला वाटलं, असू दे."

"असू दे?"

"कमी खाल्लं की दोन दिसातनं एकदा हुतंय. तेवढं सोसवतंय."

सिस्टर परत आल्या, त्यांनी मला हात धुवायला लावले आणि म्हणाल्या, "मामा, आता इथनं माझ्यासमोर करायचं. पहिल्यापासनं."

मी केलं. नुसतं कोमट पाणी. टिपून वाळवलं. ओल्या जागेवर पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली, वर कातडीला जपणारं औषध फिरवून ते सुकू दिलं. भोकाचं माप कागदावर घेतलं. मी ते इतके दिवस अंदाजानं कापत होतो. नंबरप्लेटवर अर्धा सूत इकडंतिकडं चालू न देणारा माणूस मी. पिशवी लावल्यावर दाबायचं नव्हतं. वर तळहात ठेवून बसायचं, गोंद अंगाच्या उबेनं धरेपर्यंत. पाच मिनिटं. माझा तळहात तिच्या पोटावर होता आणि तिनं पदर तोंडावर घेतला नव्हता. तेव्हा मला समजलं की तो लाजेचा पदर नव्हता.

कातडी भरायला तीन आठवडे लागले. पंचेचाळीस किलो व्हायला आणखी पाच. तिनं सगळं खाल्लं, लापशी, लाडू, शेळीचं दूधसुद्धा. शेवंतावहिनी म्हणाल्या, "घ्या, तुमचीच लापशी हाय ही, दूध हून आली." औषध सुरू झालं ते ठरलेल्या वेळेपेक्षा दोन महिने उशिरा. पुढं गाठ यकृतात गेल्याचं कळलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, ते दोन महिने गेले नसते तर? ते म्हणाले, "असं सांगता येत नाही, म्हेत्रे." मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले.

ती त्यानंतर सव्वा वर्ष राहिली. त्या सव्वा वर्षात एकही पिशवी मी झटक्यानं काढली नाही. ती कधी कधी चिडायची, "अहो, आटपा की लवकर. भाकरी करपंल."

गेली ती एका गुरुवारी, दुपारी, घरीच. बायकांनी तिला आंघोळ घालायला घेतलं. थोड्या वेळानं शेवंतावहिनी दारात आल्या.

"भावजी, ती पिशवी कशी काढायची? कुनाचा हात हुईना."

मी आत गेलो. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "आता काय, ओढून काढा. तिला काय कळतंय?" मी पाणी कोमट करून आणायला सांगितलं. कापूस भिजवून कडेनं फिरवला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी दाबून धरली आणि सोडवत गेलो. बायका थांबून होत्या. बाहेर माणसं जमली होती, सरण रचायला गेलेल्यांचा फोन येत होता. पिशवी निघाली. मी ती जागा फडक्यानं टिपली. खाली कातडी सलग होती, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

याला आता तीन वर्षं होतील. भोरे सिस्टर तेराव्याला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "मामा, उरलेल्या पिशव्या आणून द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडतील. आणि एखाद्या बुधवारी याच. नवीन माणसं येतात, त्यांचे नवरे येतात. तुमच्यासारखेच असतात, सगळं येतंय म्हणणारे. त्यांना तुमचा हात दाखवा." मी येतो म्हणालो. नंतरही त्यांचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी येतो म्हणालो.

डाव्या हातावर कोपराखाली अजून एक पांढुरका डाग आहे, चकतीएवढा नाही, रुपयाएवढा.

कपाटात अकरा पिशव्या आहेत, पावडरची अर्धी बाटली आहे आणि सिस्टरांनी दिलेला तो छापील कागद आहे, पाठीवर साळुंखेचं नाव आखलेला. पिशव्यांवर मुदत छापलेली असते. त्यानंतर गोंद धरत नाही. ही मुदत पुढच्या महिन्यात संपते. मिरजेला जायचं अजून राहिलंय.